कांद्यातली चाळ



आज आपण कांद्याविषयी बोलू. तुम्ही मनात म्हणाल, गुरुजींना दुसरा विषय सुचला नाही काय? लासलगावात बसून कांद्याविषयी काय सांगायचे! इथले शेंबडे पोरही लाल कांदा कोणता, उन्हाळ कोणता, गोल्टी कोणती हे लांबून सांगते. आपल्या बाजाराला लोक आशियातला सर्वांत मोठा कांद्याचा बाजार म्हणतात. इथल्या लिलावात काय भाव निघाला, याची चौकशी पार दिल्लीपर्यंत होते.

हे सगळे खरे आहे. पण आपण कांदा बाहेरून ओळखतो. त्याच्या आत काय चालले आहे, हे फार थोड्यांनी पाहिले आहे. आणि आपले नुकसान होते ते आतूनच होते.

कसे ते बघा. उन्हाळ कांदा चैत्र-वैशाखात निघतो. भाव पडलेला असला की आपण तो चाळीत भरतो. दिवाळीपर्यंत थांबू, चार पैसे जास्त मिळतील, अशी आशा असते. मुलीचे लग्न, सोसायटीचे कर्ज, पुढच्या पिकाचे बियाणे, सगळे त्या चाळीवर टेकलेले असते. मग चाळ उघडतो तेव्हा काय दिसते? काही कांदे सडलेले. काहींना कोंब आलेले. उरलेले दिसायला बरे, पण काट्यावर हलके. चार-सहा महिन्यांत शंभर किलोंतले तीस-चाळीस किलो गेले, असे पुष्कळदा होते.

म्हणजे कांदा तीन वाटांनी जातो. तो सुकतो, तो सडतो, त्याला कोंब येतो. या तीन वाटा समजायच्या तर कांदा कशाचा बनला आहे, हे आधी समजले पाहिजे.

एक कांदा उभा चिरा. खाली बुडाशी एक कठीण चकती दिसेल. तिच्या खालून मुळे फुटतात. चकतीवर एकात एक बसलेले जाड थर दिसतील. हे थर म्हणजे पातीचीच बुडे आहेत. पातीने उन्हात अन्न तयार केले आणि ते आपल्या बुडाशी साठवले, म्हणून ती बुडे फुगली. अगदी मधोमध एक पिवळसर हिरवा अंकुर असतो. तो झोपलेला असतो. पुढे कोंब येतो तो याच अंकुराचा.

आता एका थराच्या आतल्या बाजूने नखाने ओढा. पारदर्शक पापुद्रा निघेल. घरोघरी बायका रोज कांदा चिरतात, त्यांना हा पापुद्रा चांगला माहीत आहे. आम्ही शाळेत होतो तेव्हा हा पापुद्रा काचेवर ठेवून, त्यावर आयोडिनचा एक थेंब टाकून, सूक्ष्मदर्शक यंत्राखाली मुलांना दाखवत असू. या यंत्रातून बारीक वस्तू शंभर पट मोठी दिसते. पहिल्यांदा पाहणारा मुलगा हमखास म्हणे, "गुरुजी, ही तर विटांची भिंत!"

ती भिंत नव्हे. त्या लहान लहान खोल्या आहेत. एकीला एक लागून, रांगेने. मुंबईच्या चाळीत खोलीला खोली लागून असते ना, अगदी तशा. आपण चाळीत कांदा भरतो, आणि कांद्याच्या आत ही दुसरी चाळ! यातली एकेक खोली म्हणजे एक पेशी. एका इंचात अशा सुमारे शंभर पेशी लांबीने मावतील, इतक्या त्या लहान असतात.

पेशी पहिल्यांदा कोणी पाहिली? इंग्लंडात रॉबर्ट हुक नावाचा एक शोधक होता. त्याने बाटलीच्या बुचाच्या सालीचा पातळ काप यंत्राखाली ठेवला. त्याला कोठड्या दिसल्या, म्हणून त्याने त्यांना कोठडी या अर्थाचे नाव दिले. १६६५ साली त्याने हे पुस्तकात छापले. आपल्याकडे पुरंदरचा तह झाला, तेच हे साल.

पण हुकने पाहिलेल्या कोठड्या रिकाम्या होत्या, मेलेल्या होत्या. पाण्याच्या थेंबातले जिवंत, एकेकट्या पेशीचे जीव पाहिले ते हॉलंडातल्या एका कापड दुकानदाराने. त्याचे नाव लेव्हेनहूक. तेव्हाच्या विद्वानांची भाषा लॅटिन. ती त्याला येत नव्हती. त्याने स्वतः काचा घासून भिंगे केली. १६७४ च्या सुमारास तळ्याच्या पाण्यात त्याला बारीक जीव वळवळताना दिसले. मग त्याने काय केले? जे दिसले ते आपल्या साध्या बोलीत लिहून काढले, आणि पत्राने लंडनच्या विद्वानांना कळवले. पाहिलेले लिहून ठेवले म्हणून जगाला कळले. नुसते पाहून दुकानात बसला असता, तर ते त्याच्याबरोबरच गेले असते.

आता त्या खोलीच्या आत जाऊ. कांद्याच्या पेशीला बाहेरून एक पक्की भिंत असते. भिंतीला आतून लागून एक अतिशय पातळ पडदा असतो. आत दाटसर रस असतो. मधे पाण्याची मोठी टाकी असावी तशी एक पिशवी असते, तिच्यात पाणी आणि विरघळलेले पदार्थ साठवलेले असतात. आणि एका बाजूला एक गोल ठिपका दिसतो. त्याला केंद्रक म्हणतात. हा या खोलीचा कारभारी. पेशीने काय करावे, केव्हा वाढावे, याचा लेखी हुकूमच जणू त्याच्याजवळ असतो. हा हुकूम धाग्यांसारख्या गुणसूत्रांत असतो. कांद्याच्या पेशीत अशी गुणसूत्रे १६, माणसाच्या पेशीत ४६.

होय, आपले शरीरही पेशींचेच आहे. गायीचे, कोंबडीचे, लिंबाच्या झाडाचेही. आपल्या रक्ताच्या एका थेंबात कोट्यवधी पेशी असतात. आणि विषमज्वराचा जंतू म्हणजे एकच पेशी. डोळ्याला पाणी स्वच्छ दिसते, तरी ते उकळून प्या असे डॉक्टर सांगतात, ते यासाठीच.

कोणी म्हणेल, "गुरुजी, हे तुमच्या यंत्रात दिसते. आमच्या घरात याचा पुरावा काय?" चांगला प्रश्न आहे. असे विचारलेच पाहिजे.

एक पुरावा तुमच्या डोळ्यांत येतो. अख्खा कांदा हातात धरला तर डोळ्यांत पाणी येत नाही. चिरला की येते. का बरे? पेशीत दोन पदार्थ वेगवेगळ्या जागी ठेवलेले असतात. एक टाकीत, एक बाहेरच्या रसात. विळीने पेशी फुटली की दोघे एकत्र येतात. त्यांच्यातून एक वायू निघतो आणि तो डोळ्यांना झोंबतो. म्हणजे तुम्ही कांदा चिरता तेव्हा हजारो खोल्या फोडता. विळीला धार असली तर कमी फुटतात, आणि डोळ्यांना त्रासही कमी होतो.

दुसरा पुरावा आजच संध्याकाळी करून पाहा. एक कांदा चिरून दोन वाट्यांत सारखा वाटा. एका वाटीत चमचाभर मीठ घालून कालवा. दुसरी तशीच ठेवा. अर्ध्या तासाने पाहा. मिठाच्या वाटीत पाणी सुटलेले असेल, दुसरीत जवळजवळ नाही. जिथे मीठ जास्त तिकडे पाणी पातळ पडद्यातून ओढले जाते. पेशी पाणी गमावतात, म्हणून फोडी मऊ पडतात. लोणच्यात भरपूर मीठ का घालतात, तेही आता कळेल. मीठ जंतूंच्या पेशीतलेही पाणी ओढते आणि त्यांना वाढू देत नाही.

पण दुसरी, बिनमिठाची वाटी आम्ही कशाला ठेवायला सांगितली? कारण ती नसती तर कोणी म्हणाला असता, "मिठाने नव्हे, चिरल्यानेच पाणी सुटले." आता त्याला तसे म्हणता येणार नाही. दोन्ही वाट्यांत कांदा तोच, विळी तीच, वेळ तीच. फरक फक्त मिठाचा. ही जोडीची वाटी लक्षात ठेवा. शास्त्राचे अर्धे बळ त्या वाटीत आहे.

ही युक्ती जुनी आहे. पूर्वी लोक मानत की सडक्या मांसातून अळ्या आपोआप जन्मतात. १६६८ साली इटलीत रेडी नावाच्या वैद्याने मांसाचे तुकडे बरण्यांत ठेवले. काही बरण्या उघड्या ठेवल्या, काही घट्ट बंद केल्या. अळ्या उघड्या बरण्यांतच झाल्या. पण कोणी म्हणेल, बंद बरणीत हवा नव्हती म्हणून झाल्या नाहीत. म्हणून त्याने पुन्हा काही बरण्यांना झाकणाऐवजी विरळ कापड बांधले. हवा आत जाई, माशी जात नसे. तरीही त्या मांसात अळ्या झाल्या नाहीत. तेव्हा ठरले की अळ्या माशीच्या अंड्यांतून होतात. पुढे १८५५ साली जर्मनीत विरशॉ या डॉक्टराने ठामपणे मांडले की प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच होते. एकीच्या दोन, दोहोंच्या चार.

आता आपण आपल्या चाळीत परत येऊ. कांदा ज्या तीन वाटांनी जातो, त्या आता पेशींच्या डोळ्यांनी पाहू.

पहिली वाट, सुकणे. काढलेला कांदा मेलेला नसतो. त्याच्या पेशी श्वास घेतात. साठवलेली साखर हळूहळू खर्चतात. त्यात ऊब आणि वाफ निर्माण होते. पाणी उडत राहते, वजन घटते. तीन वाटांत ही सर्वांत मोठी. बाहेरची लाल पत्ती मेलेल्या, वाळलेल्या पेशींची असते. ती आतल्या पाण्यावर पांघरूण घालते. पत्ती निघालेला कांदा म्हणूनच लवकर सुकतो. आणि चाळीला खालून-बाजूने हवा हवी ती यासाठी, की ऊब आणि वाफ आत कोंडू नये.

दुसरी वाट, सडणे. बुरशी आणि जंतू हेही पेशींचेच जीव. त्यांना आत शिरायला दार हवे. ओली मान हे एक दार, फावड्याची किंवा आपटल्याची जखम हे दुसरे. म्हणून जाणते लोक सांगतात की काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी पाणी तोडा. काढलेला कांदा पातीसकट, पातीनेच झाकून, तीन-चार दिवस शेतात सुकवा. एक-दोन इंच मान ठेवून पात कापा. मग दहा-बारा दिवस सावलीत वाळवा. मान वाळून मिटली म्हणजे दार बंद झाले. युरियाचा हात सैल सोडला, आणि तोही उशिरा, तर मान जाड राहते आणि दार उघडे राहते.

तिसरी वाट, कोंब. मधला अंकुर काही काळ विसावा घेतो. विसावा संपला की त्याच्या पेशी एकीच्या दोन होऊ लागतात. थरांत साठवलेले अन्न कोंब खातो आणि कांदा पोकळ होतो. याच वाटेवर अडसर घालण्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली आपल्या लासलगावात 'कृषक' हे केंद्र उभारले. तिथे कोबाल्ट नावाच्या धातूतून निघणारे किरण कांद्यावर सोडण्याची योजना आहे. मात्रा अगदी थोडी असते. तेवढ्याने अंकुराच्या पेशींतला हुकूम बिघडतो, त्यांना एकीच्या दोन होता येत नाही. बाकीचा कांदा जसाच्या तसा राहतो.

पुष्कळांना वाटते, किरण दिलेला कांदा विषारी होत असेल. तसे होत नाही. छातीचा एक्स-रे काढून घेतला म्हणून माणूस काही किरण फेकू लागत नाही. किरण आरपार जातात, कांद्यात राहत नाहीत. याच केंद्रात किरण दिलेला आंबा २००७ साली अमेरिकेला गेला.

पण दुसरी बाजूही ऐका. किरणांनी कोंब थांबतो, सड थांबत नाही. एवढ्या थोड्या मात्रेने बुरशी मरत नाही. सुकणेही चालूच राहते. आणि किरण द्यायचे ते कांद्याचा विसावा संपण्याआधी, काढणीनंतर लवकर. कोंब सुटल्यावर उपयोग नाही. ज्या वाटेवर जो उपाय, तिथेच तो चालतो. एका औषधाने तिन्ही वाटा बंद होतात असे कोणी सांगितले, तर सावध व्हा.

आणि असे सांगणारे येतात, बरं का! कोणी दारात येतो, कोणाच्या मोबाइलवर निरोप येतो. "ही पावडर चाळीत टाका, एकही कांदा सडणार नाही." शेजारी सांगतो, "मी टाकली, माझा कांदा टिकला." शेजारी खोटे बोलत नाही. पण त्याचा कांदा पावडरीने टिकला की त्या वर्षी पाऊस कमी होता म्हणून टिकला? त्याच्याजवळ जोडीची वाटी होती का?

मग काय करावे? भांडू नये, हसू नये, आंधळेपणाने पैसेही देऊ नयेत. पारख करावी.

आधी कृषी अधिकाऱ्याला विचारून घ्या, की ही पावडर खायच्या कांद्यावर टाकलेली चालते का. नाही म्हणाले तर गोष्ट तिथेच संपली. हो म्हणाले तर एकाच शेतातला, एकाच दिवशी काढलेला, सारख्या आकाराचा कांदा घ्या. दहा क्रेट भरा, प्रत्येकात वीस किलो. कोणत्या पाचांत पावडर टाकायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. चांगले चांगले क्रेट एका बाजूला जाऊ नयेत म्हणून चिठ्ठ्या. सगळे क्रेट एकाच चाळीत, आलटून पालटून ठेवा. दर पंधरा दिवसांनी वजन करा. किती सडले, किती कोंबले ते मोजा. सडका कोणाला म्हणायचे हे पहिल्या दिवशीच ठरवा, मागाहून नियम बदलू नका. आणि प्रत्येक वेळी तारीख घालून वहीत लिहा.

समजा, चार महिन्यांनी असे दिसले: बिनपावडरीच्या शंभर किलोंतले ३५ किलो गेले आणि पावडरीच्या शंभरांतले ३४. एक किलो वाचला. भाव वीस रुपये किलो धरला तर वीस रुपये वाचले. पावडरीला चाळीस रुपये लागले असतील तर? वीस रुपये घरचेच गेले. उलट पंधरा किलो वाचले असतील, तर मान हलवून मान्य करा, आणि पुढल्या वर्षी पुन्हा करून खात्री करा. एका वर्षाचा योगायोगही असू शकतो. मग शेजाऱ्याला वही दाखवा. त्यालाही तसेच आले तर गोष्ट पक्की होत चालली. हीच शास्त्राची रीत. नीट पाहायचे, का म्हणून विचारायचे, अंदाज बांधायचा, जोडीची वाटी ठेवून अंदाज पारखायचा, लिहायचे, दुसऱ्याला पारखू द्यायचे. अंदाज चुकला तर सोडून द्यायचा. अंदाजाशी आपले काही लग्न लागलेले नसते.

हे काम फक्त कोट घातलेल्या लोकांचे नाही. आपल्या शेजारच्या पिंपळगाव बसवंतला उन्हाळ कांद्याचे एन-२-४-१ हे वाण तयार झाले. राजगुरुनगरला कांदा-लसणाची सरकारी संशोधन संस्था आहे. तिथेही हेच चालते. कांदे निवडायचे, लावायचे, साठवायचे, मोजायचे, लिहायचे, पुन्हा लावायचे. त्यांची शेते मोठी, काटे बारीक. पण रीत तुमच्या दहा क्रेटांचीच.

एक गोष्ट विशेष करून आया-बहिणींना सांगायची आहे. चाळीतला कांदा निवडताना, सडका बाजूला काढताना बहुधा तुमचेच हात असतात. कोणत्या कोपऱ्यात आधी सड लागली, कोणत्या शेतातला कांदा आधी कोंबला, हे तुम्हाला आधी कळते. आजवर ते मनात राहत होते आणि पुढच्या चैत्रापर्यंत विसरले जात होते. आता तुम्ही लिहायला शिकलात. चाळीच्या खांबाला दोरीने एक वही आणि एक पेन्सिल बांधा. निवडायला बसाल त्या दिवशी चार ओळी लिहा: तारीख, कोपरा, किती सडले, किती कोंबले. अक्षर वाकडे आले तरी चालेल. आकडा मात्र खरा हवा.

कापड विकणाऱ्या माणसाने पत्रे लिहिली, त्यांतून जगाला जंतू कळले. आपल्या वहीतून निदान आपली चाळ आपल्याला कळेल. ज्यांना सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा पाहायचा असेल त्यांनी गावातल्या हायस्कुलात जाऊन शास्त्राच्या शिक्षकांना विनंती करावी. आपलीच मुले तिथे शिकतात, संकोच कसला? जाताना कांदा मात्र आपल्या घरचाच न्यावा.